लव्हाळ्याची जागा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की पिनरमधल्या आमच्या गल्लीत लगबग सुरू होते. शाळांना हाफ टर्मची सुट्टी लागलेली असते. गाड्यांच्या टपावर लांबट काळ्या पेट्या चढतात, मागे सायकली बांधल्या जातात, आणि कुणी ना कुणी घरापुढच्या हातभर हिरवळीवर तंबू उघडून उन्हाला टाकतं. वर्षभर माळ्यावर पडून राहिलेल्या तंबूला एक वास असतो. रबराचा, वाळक्या गवताचा, थोडा बुरशीचा. या वर्षी तो वास दोन दिवस आमच्याच घरात भरून होता. माझी मुलगी सई आता सतरा वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर, आमच्याशिवाय, ती पहिल्यांदाच कॅम्पिंगला निघाली होती. दिवाणखान्यात तंबू पसरून ती एकेक शिवण तपासत होती.

"बाबा, हा लीक नाही ना होणार?"

"तंबू गळत नसतो गं. जागा चुकते," मी म्हणालो आणि तिथंच थांबलो. ते वाक्य माझं नव्हतं. माझ्या वडिलांचं होतं.

सई गेली. घर शांत झालं. आणि सात वर्षांपूर्वीची ती हाफ टर्म दिवसभर माझ्या मागे मागे फिरत राहिली.

त्या वर्षी बाबा पहिल्यांदा इंग्लंडला आले होते. त्याच्या आदल्या दिवाळीत आई गेली. नागपूरच्या घरात ते एकटेच उरले, आणि उन्हाळा तोंडावर आल्यावर मुग्धानं, माझ्या बायकोनं, फोनवर आग्रह धरला, "बाबा, आता काही ऐकणार नाही, तुम्ही इकडे या." आले. पाहुण्यासारखे आले आणि पाहुण्यासारखेच राहिले. सकाळी स्वतःची चादर घडी घालून ठेवायचे, चहाचा कप धुऊन पालथा घालायचे. मग हॅरोपर्यंत चालत जाऊन यायचे. कधी मेट्रोपॉलिटन लाइननं वेम्बलीला जायचे आणि पिशवीत कोथिंबिरीची जुडी घेऊन परतायचे. मी ऑफिसातून आलो की आमचं बोलणं ठरलेलं.

"जेवलात?"

"हो. तू?"

"आता जेवतो."

एवढंच. भांडण नव्हतं. सवय नव्हती.

बाबा पाटबंधारे खात्यात सर्वेक्षणाच्या कामावर होते. धरणं आणि कालवे कागदावर यायच्या आधी कुणीतरी ती जमीन पायानं मोजावी लागते, ते काम त्यांचं. दिवाळी झाली की होल्डॉल बांधून ते निघायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचे. मधले महिने जंगलात, नदीकाठी, राहुटीत. माझ्या लहानपणीचा हिवाळा म्हणजे बाबा नाहीत, आणि उन्हाळा म्हणजे बाबा नाहीत. शाळेचं गॅदरिंग, वार्षिक परीक्षा, माझा मोडलेला हात, सगळं त्या महिन्यांतच व्हायचं. ते आईनं निभावलं. मी मोठा झालो तेव्हा मनात एक हिशेब पक्का झाला होता, की या माणसाला आपल्यापेक्षा जंगल प्यारं.

आणि तरी लंडनला आल्यावर मी तंबूच विकत घेतला. का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. सई चार वर्षांची असताना ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर सहज गेलो आणि मग ती आमची रीतच झाली. दर हाफ टर्मला एखादं नॅशनल पार्क. कधी डार्टमूर, कधी वेल्सचे डोंगर. खांद्यावर टॉवेल टाकून अंघोळीच्या रांगेत उभं राहायचं. सामायिक मोरीवर अनोळखी माणसांच्या शेजारी उभं राहून कढईला लागलेले पोहे खरवडायचे, आणि त्यांनी विचारायचं, "छान वास येतोय, काय आहे हो?" पहाटे मेंढ्यांचं बें बें आणि कुठल्यातरी तंबूच्या चेनचा तो लांबलचक सर्र आवाज. माझ्या आईला हे सांगितलं तेव्हा ती फोनवर एवढंच म्हणाली होती, "तू पण का रे?" मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं.

त्या वर्षी पीक डिस्ट्रिक्टला जायचं आधीपासून ठरलेलं होतं. आता बाबांचं काय करायचं?

"समीर, त्यांची पाठ धरली तर?" मुग्धा म्हणाली. "चौऱ्याहत्तर वय आहे. जवळपास बी अँड बी बघ ना एखादं."

मी जेवताना विषय काढला. "बाबा, आम्ही तंबूत राहू. तुमच्यासाठी गावात एक खोली घेतो."

बाबांनी वरणभातातून मान वर केली. "खोली कशाला? मला राहुटी माहीत आहे नं."

महिन्याभरात मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

जागा एका शेतकऱ्याच्या कुरणात होती. दगडी भिंतीचं कुंपण, खाली ओढा, समोर हिरवी डोंगररांग. मालकीणबाईंनी हात फिरवून सांगितलं, भिंतीच्या खाली कुठंही लावा. मला लगेच एक जागा आवडली. अगदी सपाट, ओढ्याजवळ, नळही चार पावलांवर. मी पिशव्या टाकल्या. बाबा मात्र छत्रीचं टोक जमिनीत खुपसत कुरणभर हिंडत होते. मग माझ्याजवळ आले आणि वाकून गवताची एक गडद, गोलसर काडी उपटून मला दाखवली.

"इथं नको. लव्हाळा आहे."

"म्हणजे?"

"लव्हाळा पाण्याशिवाय येत नाही. वरून कोरडं दिसतं, पण खाली पाणी आहे. पाऊस आला की वर येईल."

"बाबा, पावसाचा अंदाज नाहीये. आणि जमीन सपाट पाहिजे. नळही जवळ आहे."

"पाणी सपाट जागीच थांबतं."

"हे आपल्याकडचं जंगल नाही हो. इथं लोक दर वर्षी तंबू लावतात." माझा आवाज गरजेपेक्षा चढला होता. सई खुंट्यांची पिशवी हातात घेऊन आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

"बरं," बाबा म्हणाले.

ते 'बरं' मी लहानपणापासून ओळखत होतो. त्यांच्यासाठी आम्ही एक छोटा, एका माणसाचा तंबू आणला होता. तो त्यांनी उचलला, चढावर भिंतीच्या आडोशाला नेला आणि कुणाची मदत न घेता उभा केला. वाऱ्याकडे पाठ, दार उताराकडे. तणावे असे ताणले, की सईनं बोट लावून पाहिलं तर तारेसारखा आवाज आला. "आजोबा, हा जागा बेस्ट आहे!" ती ओरडली. "ही जागा," बाबांनी हसत सुधारलं.

पाऊस आला. अंदाजात नसलेला, बारीक, न थांबणारा, इथला पाऊस. पहाटे पाचला, राखाडी उजेडात, सईनं मला हलवलं. "बाबा, फ्लोअर हलतोय." मी तळवा टेकवला. तंबूचा तळ पाण्याच्या पिशवीसारखा डुचमळत होता. गाद्या, स्लीपिंग बॅगा, मुग्धाची पुस्तकांची पिशवी, सगळं खालून ओलं. आम्ही तिघं अंगावर रेनकोट ओढून बाहेर आलो. वर भिंतीच्या आडोशाला, छोट्या तंबूच्या दारात, बाबा गॅसवर चहा ठेवून बसले होते. आलं ठेचल्याचा वास उतारावरून आमच्यापर्यंत येत होता.

त्यांनी सईचे बूट काढून घेतले आणि त्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायला लागले. त्यांनी मला 'सांगितलं होतं नं' म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. गप्प राहून ते माझ्यापासून पुन्हा लांब गेले होते, नेहमीसारखे.

सकाळी आम्ही जवळच्या गावात गेलो. मुग्धा सईला घेऊन एका कॅफेत बसली आणि ओल्या सामानाचे ढीग घेऊन मी लॉन्ड्रेट शोधलं. बाबा माझ्याबरोबर आले. लांबट खोली, भिंतीला ओळीनं यंत्रं, समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, साबणाचा ऊबदार वास. काचेच्या गोल दारांमागे आमच्या निळ्या, लाल स्लीपिंग बॅगा फिरायला लागल्या. शेजारी एक म्हाताऱ्या बाई चादरींच्या घड्या घालत होत्या. आमच्या चिखलाच्या बुटांकडे बघून त्यांनी बाबांना विचारलं, "फर्स्ट टाइम कॅम्पिंग, लव्ह?"

"नो मॅडम," बाबा ताठ बसून म्हणाले. "थर्टी-वन इयर्स."

बाईंना फार मजा वाटली. त्या टोपली उचलून हसत हसत गेल्या. मी मात्र हसलो नाही.

"एकतीस वर्षं," मी म्हणालो. "आणि घरी किती, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काचेकडे बघत राहिले.

"तुला राग आहे."

"होता."

"आहे," ते म्हणाले.

मग मी ते विचारलंच. चाळीस वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न असा परक्या गावात, कपडे वाळायची वाट बघताना बाहेर पडेल असं वाटलं नव्हतं. "तुम्हाला घरापेक्षा तेच आवडायचं ना?"

मला वाटलं, नोकरी होती म्हणतील. वरिष्ठ ऐकायचे नाहीत म्हणतील. तसं म्हणाले असते तर मी मान डोलावली असती आणि आमचं सगळं पहिल्यासारखं राहिलं असतं.

"आवडायचं," बाबा म्हणाले. "खोटं कशाला बोलू. सकाळी राहुटीच्या बाहेर यायचं, नदीवर धुकं, खलाशी, म्हणजे मोजणीचे आमचे मजूर, चहा करून राहिले. दिवसाचं काम दिवसा संपायचं. किती चाललो, किती मोजलं, सगळं वहीत स्पष्ट. घरी मला काहीच स्पष्ट कळायचं नाही."

काचेमागे बॅगा फिरतच होत्या.

"परत यायचो तेव्हा तू माझ्याजवळ यायचा नाहीस. आईच्या पदराआड लपायचास. चार दिवस. दर वर्षी मोजून चार दिवस लागायचे तुला. मी पुढच्या ओसरीत खुर्ची टाकून बसायचो, तुला हाक मारायची नाही असं ठरवून. ओरडलो, ओढलं, तर पाचवा लागेल म्हणून." त्यांनी गुडघ्यावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडला. "जंगलात नाग निघाले राहुटीत, अस्वल दारापर्यंत आलं. पण पावसाळ्याच्या तोंडावर एस.टी.त बसलो की भीती वाटायची, ती त्या चार दिवसांची."

त्या ओसरीतली खुर्ची मला आठवत होती. निळ्या पट्ट्यांची. तिच्यात बसलेला, अंगाला धुराचा वास येणारा, काळवंडलेला माणूसही आठवत होता. मला त्याची भीती वाटायची. त्यालाही माझी वाटत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. लहान मुलाला आपल्या हातात काही सत्ता आहे याची कल्पना नसते. मोठं झाल्यावर तरी ती यायला हवी होती.

यंत्र थांबलं. आम्ही दोघांनी मिळून गरम बॅगांच्या घड्या घातल्या. दोन टोकं त्यांच्या हातात, दोन माझ्या, जवळ यायचं, टोकं द्यायची, परत लांब जायचं.

कुरणात परतल्यावर मी म्हणालो, "बाबा, तुम्ही सांगा. कुठं लावायचा?"

ते पुन्हा सगळं कुरण हिंडले, मग भिंतीपासून जरा खाली, किंचित उतार असलेल्या एका जागेवर टाच दाबून उभे राहिले. आम्ही तंबू तिथं लावला. पुढच्या दोन दिवसांत दोनदा पाऊस झाला आणि आत थेंब आला नाही. सई त्यांच्या मागे मागे फिरायची. त्यांनी तिला पावलांनी अंतर मोजायला शिकवलं. एकसारखं पाऊल टाकायचं, मनात मोजायचं, कुणी हाक मारली तरी थांबायचं नाही. ती कुरणात मोठ्यानं आकडे म्हणत चालायची आणि मेंढ्या बाजूला व्हायच्या. ओढ्याची रुंदी पाण्यात न उतरता कशी काढायची, हे त्यांनी चार काठ्या रोवून तिला दाखवलं. मुग्धा मला हळूच म्हणाली, "अरे, हे किती बोलतात!" मलाही ते नवीनच होतं.

शेवटच्या दिवशी आम्ही एका जलाशयापर्यंत चालत गेलो. दोन डोंगरांच्या मध्ये काळ्या दगडांचं जुनं धरण, त्यामागे स्थिर, शिसवी पाणी. काठावर माहितीची पाटी होती. या पाण्याखाली पूर्वी एक गाव होतं, चर्च होतं, शाळा होती. मुग्धा आणि सई पुढे धरणाच्या भिंतीकडे गेल्या. बाबा पाटी वाचत उभे राहिले. दोनदा वाचली असावी.

"आपल्याकडे अशी पाटी लावत नाहीत," ते म्हणाले.

आम्ही काठावरच्या बाकावर बसलो. पाणी कुठवर चढणार, त्या रेषेवरचे दगड ते स्वतः गाडायचे, असं त्यांनी सांगितलं. गावातल्या बायका विचारायच्या, भाऊ, माझ्या चुलीपर्यंत येईल का हो? त्यांना उत्तर माहीत असायचं. "मी त्यांना खोटं सांगितलं नाही. पण त्यांच्याकडं पाहून सांगितलं, असंही नाही. वहीकडं पाहून सांगायचो."

"तुमच्या राहुट्या कुठं असायच्या?"

"तिथंच. खाली. नदीजवळ. आता सगळ्या पाण्यात." त्यांनी समोरच्या पाण्याकडे असा हात केला, जणू त्या याच पाण्यात होत्या.

"आई कधी आली होती तिथं?"

वाऱ्यानं पाण्यावर एक शहारा आला आणि गेला.

"एकदा. तुला घेऊन. तू दीड वर्षाचा होतास. पंधरा दिवस राहिली."

मला हे कुणीच सांगितलं नव्हतं. आईनंही नाही.

"आवडलं तिला?"

"खूप. नदीवर अंघोळीला जायची, खलाशांच्या बायकांशी गप्पा मारायची. जाताना म्हणाली, पुढच्या वर्षी पण येते. मी म्हटलं, नको, पोराला त्रास होतो."

"झाला होता का मला त्रास?"

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत घातला. "नाही. तू मजेत होतास. मलाच एकटं राहायचं होतं."

मी राग यायची वाट पाहिली. यायला हवा होता, माझ्यासाठी नाही तर आईसाठी. दिवाळीनंतर जमिनीवर बसून त्यांच्या होल्डॉलचे पट्टे आवळणारी आई मला दिसत होती. स्वेटर, चिवड्याचा डबा, अमृतांजनाची बाटली, सगळं आठवणीनं भरणारी. "तू पण का रे?" हे तिनं मला फोनवर का विचारलं, तेही आता कळलं.

"मग तिनं परत विचारलंच नाही?"

"नाही. दर वर्षी सामान बांधून द्यायची. दोन-तीन वर्षांनी माझं मलाच कळलं, की ती असती तर बरं झालं असतं. मग मी दर वर्षी वाट पाहायचो. या वेळी विचारेल, आणि मी हो म्हणेन."

"तुम्ही का नाही विचारलंत?"

ते माझ्याकडे वळले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि चेहरा वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखा.

"सुचलंच नाही रे," बाबा म्हणाले. "विचारायचं तिनं, असंच धरून बसलो."

लांबून सई हाका मारत होती. बाबा बाकाच्या कडेला हात टेकून उठायला लागले, गुडघा अडला. मी हात पुढे केला. एरवी त्यांनी नको म्हटलं असतं. त्यांनी धरला, आणि धरणाच्या भिंतीपर्यंत सोडला नाही. चालता चालता मी म्हणालो, "बाबा, पुढच्या वर्षी याल आमच्याबरोबर?"

ते चार पावलं तसेच चालले. मग म्हणाले, "येईन."

त्यानंतर ते तीन उन्हाळे आले. दर वर्षी फेब्रुवारीत मी फोन करून विचारायचो. तिकिटं काढलेली असायची, जागा ठरलेली असायची, मुग्धा म्हणायची, अरे, आता काय विचारायचंय? तरी विचारायचो. आणि दर वर्षी ते जरा थांबून, पहिल्यांदाच विचारल्यासारखं, "येईन" म्हणायचे. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी त्यांना प्रवासाला बंदी केली होती. त्यांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी फोन केला. नागपुरात पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता.

"बाबा, या वर्षी याल?"

पलीकडे ते जरा थांबले.

"येईन रे," म्हणाले.